परड्यातली कोंबडी आजारी पडते, जाते तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमचं घर आहे. परड्यात पंधरा-वीस वर्षं कोंबड्या आहेत, आज अकरा आहेत. अंडी घरापुरती ठेवते, उरलेली शेजारी जातात. कापण्यासाठी आम्ही कोंबडी पाळत नाही. सांगली-साताऱ्यात अशाच चार-दहा कोंबड्या जीव लावून सांभाळणारी पुष्कळ माणसं आहेत. त्यांचे फोन मला येतात आणि बहुतेक वेळा उशिरा येतात. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. मी पशुवैद्य नाही. औषध किती द्यायचं हे डॉक्टरांनाच विचारायचं, ते इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

काल संध्याकाळपर्यंत ठीक होती, सकाळी खुराड्यात मेलेली सापडली. माझं काय चुकलं?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून पहिला. बहुतेक वेळा तुमचं काही चुकलेलं नसतं. कोंबडी दुखणं लपवते. कळपात जी दुबळी दिसते तिला बाकीच्या टोचतात, दाण्यावरून हाकलतात आणि घारीची नजरही आधी तिच्यावरच जाते. त्यामुळे अंगात त्राण आहे तोवर ती चौघींसारखी उकरत राहते, चोच जमिनीला लावते, पण दाणा उचलत नाही. काल ठीक होती म्हणजे काल तिला लपवणं जमत होतं.

आमची रांगी अशीच गेली. तांबडी, पाच वर्षांची. आदल्या दिवशी ती ओट्यावर माझ्या ताटाशी येऊन उभी राहिली होती. तिने भाकरीचा तुकडा उचलला नव्हता, हे मला ती गेल्यावर आठवलं. ते आठवून मी बरेच दिवस रडले आहे.

तेव्हापासून रोज संध्याकाळी सगळ्या दांडीवर बसल्या की प्रत्येकीच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या अंगाला हात लावते. तिथे दाणा साठवायची पिशवी असते. दिवसभर चरलेल्या कोंबडीची ती भरलेली लागते. रिकामी लागली तर तिने दिवसभर नुसतं खाल्ल्यासारखं केलं आहे. सकाळी याच्या उलट बघायचं. रात्रीत पिशवी रिकामी व्हायला हवी. सकाळीही दगडासारखी घट्ट किंवा पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागली आणि तोंडाला आंबूस वास आला, तर दाणा पुढे सरकत नाही. अकरा कोंबड्यांना मिळून पाच मिनिटं लागतात. एवढं करूनही काही मरणं हाताला लागत नाहीत. हृदय एकाएकी बंद पडतं, किंवा बलक अंड्याच्या वाटेला न लागता पोटात पडून आत सूज येते. त्याचा दोष स्वतःला लावू नका.

कोणतं लक्षण दिसलं की त्याच दिवशी हालचाल करायची?

पिसं फुलवून, मान आत घेऊन एका कोपऱ्यात डोळे मिटून बसली आहे आणि दाणा टाकल्यावरही उठत नाही. शेपूट खाली पडली आहे. तुरा फिका किंवा निळसर-जांभळा झाला आहे. चोच उघडी ठेवून श्वास घेते आणि ऊन तर फारसं नाही. शीट हिरवीगार, रक्ताळ किंवा चुन्यासारखी पांढरी पातळ आहे. यातलं एकही दिसलं तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

शिटेबद्दल एक सांगते, कारण फोटो फार येतात. आठ-दहा वेळा शिटल्यावर एकदा तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट पडते. ती नेहमीचीच असते. घाबरू नका.

आजारी कोंबडी वेगळी काढली. आता काय?

डालग्याखाली किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, घराच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत आणि शांत जागी ठेवा. कोंबडीच्या अंगाची ऊब 41 ते 42 अंश असते, आजारात ती टिकवण्यातच तिची शक्ती जाते. थंडीच्या दिवसांत खाली गोणपाट आणि वर साठ वॅटचा जुना गोल बल्ब पुरतो, पण एक बाजू मोकळी ठेवा म्हणजे गरम झालं तर तिला सरकता येईल. पाणी आधी, दाणा नंतर. पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ चालतं. चोच धरून घशात पाणी ओतू नका. ते श्वासनळीत जातं, आणि मग आजारापेक्षा आपल्या मायेनेच ती मरते. चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळते.

तिचं सगळं करायचं ते शेवटी: आधी चांगल्या कोंबड्यांचं दाणापाणी, मग तिचं, मग साबणाने हातपाय धुणं. तिच्याकडे जायची चप्पल वेगळी ठेवा. चपलेला लागलेल्या शिटेतूनच रोग खुराड्यात जातो.

मानमोडी आली हे कसं ओळखायचं? आली तर वाचवता येते का?

मानमोडी म्हणजे राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेतला 1927 च्या सुमारास आपल्या देशात हा रोग प्रथम नोंदला गेला, म्हणून ते नाव. आपल्याकडचं नाव जास्त खरं आहे, कारण तगलेल्या कोंबडीची मान पिळवटलेली राहते. सुरुवात मरगळीने होते. मग हिरवी पातळ शीट, चोच उघडून घरघरणं, अंडी बंद होणं किंवा मऊ कवचाची पडणं. एखादीचा पाय किंवा पंख लुळा पडतो. लस न दिलेल्या कळपात शिरली तर चार-सहा दिवसांत परडं रिकामं करू शकते.

त्यावर औषध नाही. हा विषाणू आहे. दुकानदार जी पुडी देतो ती मानमोडीवरची नसते, फार तर तिच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या जिवाणूंवरची असते. कांदा, लसूण, हळद द्या, त्याने अपाय नाही. तंबाखूचं पाणी, रॉकेल, लाल तिखट मात्र पाजू नका. मरणाऱ्या जिवाला आणखी जाळण्यासारखं ते आहे.

ही साथ माझ्या परड्यात मीच आणली. आठवडी बाजारात एक करड्या रंगाची तलंग दिसली. डोळे तेजदार होते, दोन दिवसांत अंड्यावर येईल असं वाटलं. संध्याकाळी घरी आणली आणि सरळ खुराड्यात सोडली. चौथ्या दिवशी ती पेंगायला लागली, सहाव्या दिवशी तिच्यासह चार गेल्या आणि पुढच्या आठवड्यात आणखी पाच. लहान लेक रोज सकाळी माझ्याआधी उठून खुराड्याचं दार उघडायची, त्या आठवड्यात मी तिला उघडू दिलं नाही. तेव्हापासून नवी कोंबडी आली की तीन आठवडे परड्याबाहेर, वेगळ्या डालग्यात, वेगळ्या भांड्यात. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत दोन दिवस ते दोन आठवडे जाऊ शकतात, म्हणून आठवडाभर ठेवून भागत नाही.

बाकीच्या अजून चांगल्या दिसतात. मरायच्या आत बाजारात विकून टाकू का?

नाही. या पानावरची दुसरी कुठलीही गोष्ट विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

हे करणारी माणसं वाईट नसतात, मला माहीत आहे. वर्षभराची अंडी, मुलांच्या वह्यांचे पैसे त्यात अडकलेले असतात. पण तुमची चांगली दिसणारी कोंबडी रोग अंगात घेऊनच बाजारात उतरते, तिथून दुसऱ्या गावच्या पिशवीत जाते, आणि चार दिवसांनी तिथलं एखादं पोरगं रडत असतं. माझी करडी तलंग बहुधा अशीच कुणीतरी विकलेली होती. त्या माणसावर माझा राग होता, आता नाही. पण त्याने एक दिवस धीर धरला असता तर माझ्या आठ वाचल्या असत्या.

त्याऐवजी आळीत सांगा. लाज वाटते, लोक नावं ठेवतील असं वाटतं. तरी सांगा: "आमच्याकडे रोग आलाय, तुमच्या बांधून ठेवा." 2009 च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे ठरावीक संसर्गजन्य रोगांचा संशय आला तर मालकाने कळवायचं असतं. मानमोडी आणि बर्ड फ्लू दोन्ही त्यात आहेत. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा, किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा.

चारच कोंबड्या आहेत. त्यांच्यासाठी लसीची बाटली कोण फोडणार?

एकट्या चारांसाठी कुणी फोडत नाही, हे खरं. लसीची लहानात लहान बाटलीही सहसा शंभर कोंबड्यांची असते आणि पाण्यात कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवायचा. आमच्याकडे हे काम बचत गटाच्या बायकांनी अंगावर घेतलं आहे. थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणतात आणि सकाळी कोंबड्या सोडायच्या आत घरोघर फिरतात.

पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीच्या लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आठव्या आठवड्याच्या सुमारास मानमोडीचीच आर-टू-बी लसीची सुई, आणि देवीची (फोडांच्या रोगाची) लस सहा ते आठ आठवड्यांत पंखाच्या पातळ कातडीत टोचून. दोन लसी एकाच दिवशी नकोत, सुईच्या आधी आठवडाभर जंताचं औषध झालेलं बरं. आजारी पक्ष्याला लस देऊ नये. साथ आल्यावर लस शोधत फिरणाऱ्यांना मला हेच सांगावं लागतं आणि सांगताना वाईट वाटतं.

पावसाळा लागला की पिल्लं रक्त हगून मरतात. आमच्या पाटण भागात दरवर्षी हेच.

पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग, जिथे दोन-दोन महिने भुई सुकत नाही तिथे हे हमखास होतं. ही रक्ती हगवण. तिचे जंतू खुराड्यात अंथरलेल्या ओल्या, दबलेल्या तुसात वाढतात आणि तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना गाठतात. हिच्यावर औषध आहे आणि वेळेत दिलं तर पिल्लं वाचतात, म्हणून आशा सोडू नका. ताज्या शिटेचा नमुना बाटलीत घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाण्यातून द्यायचं अँप्रोलियम डॉक्टर सहसा देतात. एका पिल्लाला दिसलं तरी सगळ्यांनाच द्यावं लागतं.

फिनेल, डेटॉल याने हे जंतू मरत नाहीत. ते मरतात कोरडेपणाने आणि उन्हाने. तूस रोज हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं रोज उचला, तुसात थोडा चुना मिसळा. खुराड्याची जमीन वीतभर उंच करून घेतली की अर्धं काम होतं. भाताचं तूस आमच्यापेक्षा तुमच्याकडे स्वस्त मिळतं, हात आखडू नका.

तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळे फोड आलेत.

देवी. डासांमुळे पसरते, म्हणून पावसाळ्यानंतर जास्त दिसते. फोड नुसते बाहेर असतील तर बहुतेक कोंबड्या तीन-चार आठवड्यांत बऱ्या होतात. खपल्या ओढू नका, हळद-खोबरेल लावा, डोळा मिटला असेल तर कोमट पाण्याने पुसून हाताने चारा. डोळे चिकटलेली कोंबडी आजाराने मरायच्या आधी उपाशीच मरते, तिला दाणा दिसत नाही. तोंडाच्या आत पिवळट पापुद्रा धरला असेल तर मात्र डॉक्टर.

पेंग्विनसारखी उभी राहते, कळ देते, अंडं येत नाही.

अंडं अडकलं असेल. बादलीत कोमट पाणी घ्या, हाताला सोसेल इतकं. तिला पोटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा. पहिल्या मिनिटाला धडपडते, मग डोळे मिटून शांत बसते. मागच्या बाजूला खोबरेल लावा, पुसून कोरडी करा आणि अंधाऱ्या जागी एकटी ठेवा. तासाभरात झालं नाही तर पुन्हा एकदा. दाबून काढायला जाऊ नका, आत अंडं फुटलं तर कवचाने जखम होते. दोन खेपांनंतरही काही नाही, तर दवाखाना.

एका कवचाला साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं. वर्षाला साठ-ऐंशी अंडी देणाऱ्या गावठीला ते उकरून मिळतं. तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या संकरित कोंबडीला मिळत नाही, ती हाडातलं काढून देते. अशी कोंबडी पाळायची तर शिंपल्याची भरड वेगळ्या भांड्यात बारा महिने हवीच. आणि ती तीन-चार वर्षांत अंड्याच्याच दुखण्याने जाण्याची शक्यता जास्त, हे मनाशी धरून पाळा. गावठी सांभाळली तर सात-आठ वर्षं सहज सोबत करते.

जत-आटपाडीकडे उन्हाने जातात. काय करावं?

सकाळी दहाच्या आत आणि सूर्य कलल्यावरच दाणा, कारण पचनाने अंग तापतं. खुराड्याला ओलं गोणपाट, पण वारा अडवू नका. माठातलं पाणी दिवसातून तीनदा बदला. धापा टाकत आडवी झाली तर पाय आणि तुरा साध्या पाण्याने भिजवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

सगळी पिसं गळून कोंबडी उघडी पडली. मरणार का?

नाही. वर्षातून एकदा, बहुधा पावसाळा सरता सरता, जुनी पिसं जातात आणि नवी येतात. अंडी थांबतात. भिजवलेली मटकी, सुकट, शेंगदाण्याची पेंड द्या आणि फार हाताळू नका, नवी पिसं फुटताना दुखतात. ज्या जागी पिसं गेली तिथे कातडी लाल आणि उवा दिसत असतील तर ती वेगळी गोष्ट. चुलीची राख आणि कोरडी माती मिसळून एका जुन्या घमेल्यात ठेवा, कोंबड्या स्वतः त्यात लोळतात.

घरात माणसाच्या गोळ्या आहेत. अर्धी देऊ?

देऊ नका. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, आणि जिथे चालतं तिथे प्रमाण चुकलं तर जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. तेच जंतू मग माणसात येतात. कोलिस्टीन हे माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवायचं औषध कोंबड्यांच्या खाद्यात सर्रास पडत होतं, म्हणून 2019 मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. डॉक्टरांनी औषध दिलं की "अंडी किती दिवस खायची नाहीत?" हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. त्या दिवसांतली अंडी पुरून टाका.

दवाखान्यात हसतात. म्हणतात, दुसरी घ्या की.

मलाही हे ऐकावं लागलं आहे, आणि एकदा मी तशीच परत आले. ती कोंबडी वाचली नाही. आता मी हटत नाही. किती दिवसांपासून, किती कोंबड्या, काय खाणं, लस कधी, शीट कशी, हे कागदावर लिहून नेते. असं सांगितलं की समोरचा माणूस बसून ऐकतो. आपल्या भागात चांगल्या सोयी आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे.

मेलेली कोंबडी तपासून घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ती फ्रीजरमध्ये घालू नका, गोठली की आतलं काही कळत नाही. दोन पिशव्यांत बांधून बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा, मात्र निघायच्या आधी फोन करून विचारा. गेलेली परत येत नाही, पण मागे राहिलेल्या नऊ-दहा जणींना काय द्यायचं हे तिच्यामुळे कळतं. आणि मनाला पडलेला "कशाने गेली" हा प्रश्न सुटतो. माझ्यासाठी तेही थोडं नव्हतं.

एका दिवसात चार-पाच मेल्या. बर्ड फ्लू असेल का?

असू शकतो, मानमोडीही असू शकते. नुसतं बघून फरक कळत नाही. हात लावू नका, फाडू नका, कुत्र्याला टाकू नका, लगेच कळवा. महाराष्ट्रात, आणि देशातही, बर्ड फ्लू प्रथम 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला आढळला, नंतर 2021 च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत जातात. खात्री झाली तर साधारण एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी सरकारी पथक नष्ट करतं, चांगले दिसणारेही. हे सोसणं फार अवघड आहे. माहीत असूनही मी कळवाच म्हणते, कारण लपवलेल्या घरात मुलं असतात. पथकाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लवकर कळवायला हेही एक कारण.

वाचणार नाही हे दिसतंय. तिचे हाल संपवावेत का?

खाणं-पाणी दोन दिवस बंद, उभं राहता येत नाही, श्वासाला ओढ लागलेली, आणि डॉक्टर म्हणतात आता काही होणार नाही: तेव्हा हो. डॉक्टरांकडून करून घेणं सर्वांत चांगलं. ते शक्य नसेल तर ज्याला मान एका झटक्यात मोडता येते अशा जाणत्या माणसाकडून. ज्याला येत नाही त्याने शिकण्यासाठी तिच्यावर हात चालवू नये. मी दोनदा हा निर्णय घेतला, दोन्ही वेळा तिला धरून बसले. पहिल्या वेळी मी फार उशीर केला होता, तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. आजारी कोंबडी कापून खाऊ नका आणि कुणाला देऊही नका, गरिबालाही नाही.

पुरायचं कसं? शेत नाही, नुसता वाडा आहे.

दोन-तीन फूट खोल खड्डा, विहीर आणि ओढ्यापासून लांब. खाली चुना, वर चुना, माती दाबून वर दगड, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. तिच्याखालचं तूसही खड्ड्यात. जागा नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत विचारा. उकिरड्यावर, उसाच्या बांधावर, कॅनॉलमध्ये किंवा कृष्णेत टाकू नका. खाली कुणीतरी तेच पाणी पितं.

वर झाड लावावं असं वाटत असेल तर लावा. आमच्याकडे दोन ठिकाणी शेवगा आहे.

घरचे म्हणतात, कोंबडीसाठी काय रडतेस? मुलाला काय सांगू?

आपल्या भागात हा प्रश्न जास्त बोचतो. आखाड आला की घरोघरी रस्सा शिजतो, जत्रेला कोंबडं कापलं जातं, पाहुणा आला की आधी खुराड्याकडे बघतात. त्याच घरात कुणी कोंबडीसाठी डोळे पुसले तर लोकांना ते कळत नाही. मला त्यांचा राग येत नाही. सासूबाईंनी आयुष्यभर कोंबड्या पाळल्या आणि कापल्याही. पण त्यांची काळी गेली तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नाहीत, आणि कुणी विचारलं तर पित्त झालंय म्हणाल्या. दुःख त्यांनाही होतं, ते बोलायची रीत नव्हती.

जी आपल्या पावलाचा आवाज ओळखून धावत येते, ती गेल्यावर सकाळी दार उघडताना पोटात कालवतं. ते खरं आहे आणि कुणाला पटवून द्यायची गरज नाही. ज्याला कळतं अशा एकाशी बोला, तेवढं पुरतं.

मुलाला "पळून गेली" सांगू नका. ते आठवडाभर शोधतं, मग आपल्यावरचा विश्वास जातो. मेली असं सांगा, कशाने ते माहीत असेल तर सांगा. संसर्गाचा संशय नसेल तर खड्ड्यावर माती टाकू द्या आणि नंतर हात धुवून घ्या. माझ्या लेकीने (मैना ही तिची लाडकी कोंबडी) विचारलं, "आपण रविवारी चिकन खातो, तीपण कुणाची तरी मैना असेल ना?" मी हो म्हणाले. त्यानंतर ती खात नाही, आम्ही बाकीचे कधीतरी खातो. आमच्याकडे हे असं आहे.

महापुरात सगळ्या गेल्या. अजून विसर पडत नाही.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी 45 आहे. आम्हाला निघायला एक रात्र मिळाली. माणसं, म्हातारी, म्हैस. कोंबड्यांचं दार उघडून दिलं, एवढंच करता आलं. त्याच आठवड्यात आमच्याच तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली. त्या दिवसांत कोंबड्यांचं नाव काढणं शोभलं नसतं, आणि कुणी काढलंही नाही. दोन महिन्यांनी गाळ उपसताना खुराड्याची दांडी हाताला लागली, तेव्हा मी बसून रडले. ज्यांचं तसंच राहून गेलंय त्यांनी आता रडायला हरकत नाही.

कामाची गोष्ट: नदीकाठी राहणाऱ्यांनी जुलैच्या आधी दोन जाळीचे पेटारे हाताशी ठेवावेत आणि वरच्या गावातलं एक घर बोलून ठेवावं. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा आलं तेव्हा आमच्या सगळ्या कोंबड्या तासाभरात निघाल्या. पुराने भिजलेला मका वाळवूनही घालू नका. त्याच्या बुरशीचं विष यकृत खराब करतं, आणि महिन्याभराने एकेक कोंबडी कारण न कळता जाते.

एकच उरली आहे. सारखी ओरडते. नवी कधी आणू?

ती शोधते आहे. कोंबडीला एकटीने राहता येत नाही, तिची भूक मरते. पण रोगाने गेल्या असतील तर घाई नको. तूस जाळा, भिंतींना चुना लावा, दारं-दांड्या उन्हात टाका, आणि निदान तीन आठवडे, जमलं तर महिना थांबा. उरलेली बरी होऊनही रोग बाळगून असू शकते, तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा. तोवर तिला ओट्यावर, माणसांत ठेवा. मुंगसाने किंवा कुत्र्याने नेल्या असतील तर थांबायचं कारण नाही, आधी जाळी मात्र दुरुस्त करा.

नवी आणताना दोन आणा. एकटीला जुनी टोचून हैराण करते. वेगळं ठेवण्याचे दिवस संपले की आठवडाभर मध्ये जाळी ठेवून एकमेकींना बघू द्या, मग संध्याकाळी अंधार पडताना दांडीवर बसवा.

कोंबडी गेली, तिची अंडी टोपलीत आहेत. उबवू का?

रोगाने गेली असेल तर नको. पांढरी हगवण आणि सर्दीचा जुनाट रोग अंड्यातून पिल्लात उतरतो. मुंगसाने, सापाने किंवा अपघाताने गेली असेल तर जरूर उबवा. अंडी आठ दिवसांच्या आतली असावीत, कळपात कोंबडा असावा. दुसरी कुणी खुडूक (उबवायला बसलेली) असेल तर रात्री तिच्याखाली सारा, दिवसा ती ओळखते. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर धरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर जीव आहे, स्वच्छ दिसलं तर काढून टाका. अठराव्या दिवसानंतर अंडी हलवू नका. एकविसाव्या दिवशी आतून चोच वाजते. चीर पडून अर्धा दिवस गेला तरी पिलू बाहेर येत नाही म्हणून कवच सोलायला जाऊ नका, आतल्या रक्ताच्या शिरा अजून सुकलेल्या नसतात. आणखी एक दिवस वाट बघा.